असमर्थाचे कर्ज

ऐपत असूनही कर्ज फेडण्याची टाळाटाळ करणारा मनुष्य आणि फेडण्याची तळमळ असूनही महिनाअखेर ज्याच्या हाती काही उरत नाही असा मनुष्य, या दोघांची नावे थकबाकीदारांच्या एकाच यादीत लागतात, आणि वसुलीवर नेमलेला इसम ती यादी घेऊन बसला म्हणजे दोघांनाही एकाच भाषेत तगादा सुरू होतो. शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत हा अन्याय मला विशेष जाचक वाटतो. कारण येथे अठरा वर्षांच्या मुलाच्या भावी मिळकतीच्या भरवशावर, बापाची सहकर्जदार म्हणून सही घेऊन, रक्कम दिलेली असते. अभ्यासक्रमानंतरची वर्षभराची सवलत सरते, पंधरा हजारांच्या पगारातून पुण्यातले खोलीभाडे आणि खाणावळ वजा जाता आठ हजारांचा हप्ता काही केल्या निघत नाही, आणि नव्वद दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक ठरते.

मग दूरध्वनी वाजू लागतो. मुलाने उचलला नाही तर बापाचा, बापाने उचलला नाही तर थेट लेकीच्या सासरचा. व्याह्यांच्या ओसरीवर चारचौघांत कोणा अपरिचिताने भावाच्या थकबाकीचा आकडा सांगावा आणि त्या मुलीने ते खालमानेने ऐकून घ्यावे, हे कोणत्या करारात लिहिलेले असते? वास्तविक रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर वसुलीचे दूरध्वनी करण्यास, धाकदपटशास, जाहीर पाणउताऱ्यास आणि आप्तेष्टांच्या खाजगी आयुष्यात शिरण्यास मनाई केलेली आहे.

या मनाईमागचा विवेक जुना आहे. पुणे-अहमदनगरच्या कुळांनी 1875 साली सावकारांचे दस्तऐवज जाळल्यानंतर, 1879 च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक होण्यातून मुक्त केले. पुढे 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, केवळ दारिद्र्यामुळे देणे थकलेल्यास दिवाणी तुरुंगात धाडता येणार नाही, त्यासाठी त्याची लबाडी सिद्ध झाली पाहिजे, असा निर्णय दिला. दिवाणी जप्तीतूनही पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातले दोनतृतीयांश वगळले जातात, स्वयंपाकाची भांडी वगळली जातात. म्हणजे ऋणकोची चूल पेटती राहावी याची तजवीज कायद्याने केलेली आहे.

कर्ज मात्र फिटलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. ठेवीदारांचा पैसा आहे तो. म्हणूनच लाजेपायी मोबाईलचा नंबर बदलून, पत्ता बदलून दडून राहणाऱ्या तरुणांविषयी मला कळवळा वाटतो तितकीच काळजीही वाटते, कारण त्या दडण्याने असमर्थ मनुष्य स्वतःच्या हाताने स्वतःला लबाडांच्या रांगेत उभा करतो, आणि व्याज तर वाढतच राहते. त्याने पगाराची पावती आणि खर्चाचा खरा तपशील घेऊन शाखेत जावे, मुदत वाढवून हप्ता लहान करण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. जमतील ते दोन हजार दरमहा भरत राहावे. दाव्याचा प्रसंग आलाच तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. वसुलीदाराने मर्यादा ओलांडली तर त्या दूरध्वनींच्या नोंदी जोडून बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि तेथे दाद मागण्यास एक पैसाही पडत नाही.