पावती आहे

मागच्या मार्गशीर्षात एका वास्तुशांतीला गेलो होतो. यजमान आमच्या मेव्हण्याचे धंद्यातले भागीदार. पंचेचाळिशीचे, बोलायला गोड, पंगतीत स्वतः उभं राहून जिलबीचा आग्रह करणारे. जेवणं झाल्यावर त्यांनी घर दाखवलं. देवघर, मुलीची खोली, गच्ची, आणि शेवटी बैठकीत सोफ्यामागची भिंत. तिथे दाराएवढा फोटो लावलेला होता. फोटोत ते स्वतः गुडघ्यावर बसलेले आणि पुढ्यात सिंह. सिंह मेलेला आहे हे कळायला मला क्षणभर लागलं. हनुवटीखाली दगड सरकवून मान उचललेली, तोंड मिटवलेलं, आयाळ विंचरल्यासारखी, रक्ताचा टिपूस कुठे नाही. यजमान सिंहाच्या दोन हात मागे बसले होते. असं बसलं की जनावर आहे त्याहून मोठं दिसतं, हे मला त्यांनीच सांगितलं.

मी बोललो काही नाही, पण चेहऱ्यावर उमटलं असावं. कारण ते लगेच म्हणाले, "काका, सगळं कायदेशीर आहे हं. पावती आहे."

हे दोन शब्द तेव्हापासून डोक्यात भुंग्यासारखे फिरताहेत. सिंह मारून आलेल्या माणसाने काय सांगावं? घशाला कोरड पडली, हात कापला, नेम चुकला असता तर आज तुमच्यासमोर नसतो, असलं काहीतरी. शिकारकथा वाचत वाढलेल्या आमच्या पिढीची निदान तेवढी अपेक्षा असते. यांनी फ्रिजची वॉरंटी दाखवावी तशी पावती पुढे केली.

2015 च्या जुलैत झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला, ती कथा वाचकांना पाठ असेल: अमेरिकन दंतवैद्य, धनुष्यबाण, 50 हजार डॉलरच्या आसपासचा सौदा, ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर लावलेलं आमिष, गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा पट्टा. तो पाढा पुन्हा वाचत नाही. 'तुम्ही मटण खाता ना?' या वादातही शिरत नाही. खातो.

माझा प्रश्न पावतीचा आहे. शिकार आणि खरेदी यांत मी एक साधा भेद करतो. शिकारीला गेलेला माणूस हात हलवत परत येऊ शकतो. दुकानात गेलेला येत नाही. जुना शब्द मृगया. त्याच्या मुळाशी 'मृग्' हा धातू आहे आणि त्याचा अर्थ शोधणं. मारणं त्या शब्दात नाहीच. जिथे शोधायचं काही उरलं नाही, तिथे मृगयाही उरली नाही.

यजमानांनी सिंह मारला तो दक्षिण आफ्रिकेत, कुंपण घातलेल्या रानात. त्या देशात पिंजऱ्यात आणि कुंपणात वाढवलेले सिंह सात-आठ हजार आहेत, खुल्या रानातल्या सिंहांच्या दुपटीहून जास्त. पिल्लू आईपासून लवकर तोडतात आणि पर्यटकाच्या मांडीवर देतात. बाटलीने दूध पाजायचे पैसे वेगळे. थोडं मोठं झालं की त्याच्याबरोबर फेरफटका मारायचे पैसे. आयाळ भरली की मारायचे पैसे, तेही आयाळीच्या रंगावर आणि दाटपणावर ठरलेले. गिऱ्हाईक यायच्या काही दिवस आधी त्याला कुंपणातल्या मोठ्या आवारात सोडायचं, की झालं रान. माणसाच्या हातून दूध प्यायलेलं जनावर माणूस दिसला की पळत नाही, बऱ्याचदा बघत उभं राहतं. 2021 साली तिथल्या सरकारने हा धंदा गुंडाळणार असल्याचं जाहीर केलं.

यावर आपल्या मराठी मनाने फार नाक मुरडू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह मागवले होते. हौस मोठी आणि संस्थानात वाघ पुष्कळ, सिंह मात्र नाही. ते बोटीने आणले, उंच भिंतींच्या आवारात सांभाळले आणि मग कुनोच्या बाजूच्या रानात सोडले. आयतं खाऊन वाढलेल्या त्या जनावरांनी सांबर-चितळांच्या मागे धावण्यापेक्षा गावातली गुरं पसंत केली. पुढे माणसंही मारली. शेवटी गोळ्या घालून आणि पकडून तो प्रयोग आवरावा लागला. त्याच कुनोत 2022 साली नामिबियातून चित्ते आणून सोडले. वर्तमानपत्रांत चित्त्यांवर पानंच्या पानं आली, शिंद्यांच्या सिंहांवर मला एखाददुसरं वाक्य सापडलं. आणि त्या सिंहांनी ज्यांची गुरं खाल्ली, त्यांच्यावर तेवढंही नाही. या शेवटच्या मंडळींकडे मला परत यायचं आहे.

माझा हा भेद माझ्या आधी, आणि माझ्याहून चांगला, एका स्पॅनिश तत्त्ववेत्त्याने मांडला होता: होसे ओर्तेगा इ गासेत. 1942 साली लिस्बनमध्ये परागंदा असताना त्याने एका सरदार मित्राच्या शिकारीवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, आणि ती प्रस्तावनाच पुढे स्वतंत्र पुस्तक म्हणून गाजली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. शिकारी मारण्यासाठी शिकार करत नाही. शिकार झाली असं म्हणता यावं म्हणून त्याला मारावं लागतं. सबळाने आपलं बळ मुद्दाम आवरून धरायचं आणि जनावराला निसटायची संधी ठेवायची. ती संधी गेली की उरतो तो खाटीकखाना.

हे वाचून मला फार बरं वाटलं. आता यजमानांना सांगता येईल की तुमची शिकारच नव्हती. म्हणजे मग टांझानियातल्या खुल्या रानात तीन-तीन आठवडे राहणारा, झेब्र्याची तंगडी झाडाला टांगून पहाटेची वाट बघणारा, आणि तरीही कधी कधी रिकाम्या हाताने घरी जाणारा, तो खरा. ओर्तेगाच्या मापाने तो मृगया करतो. नुसता अतिरेकच म्हणायचा तर 1909 साली आफ्रिकेत गेलेला थिओडोर रूझवेल्ट आणि त्याचा मुलगा केर्मिट यांनी मिळून 500 च्या वर जनावरं मारली, त्यांत 17 सिंह. पण म्हाताऱ्याने पायपीट केली होती, हे ओर्तेगाला कबूल करावंच लागेल.

इथवर येऊन मी थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण मग क्रेग पॅकरचं काम वाचनात आलं. हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ सेरेंगेटीच्या सिंहांमागे कैक वर्षं होता. सिंहांचं घराणं चालतं नरांच्या जोरावर. कळपाचा नर मेला की बाहेरचे नर येतात आणि आधीच्या नराची लहान पिल्लं मारून टाकतात, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. शिकाऱ्याची एक गोळी एका सिंहावर थांबत नाही. म्हणून पॅकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुचवलं, की मारायचाच तर सहा वर्षांपुढचा नर मारा. तोवर त्याची एक पिढी हाताशी आलेली असते. वय ओळखायची खूण नाकावर. पिल्लाचं नाक गुलाबी असतं, वय वाढेल तसे त्यावर काळे ठिपके दाटत जातात. निम्म्याहून जास्त काळं झालं की सिंह पाच-सहाच्या पुढचा समजावा.

हे वाचल्यावर मी मेव्हण्याकडून तो फोटो व्हॉट्सॲपवर मागवला आणि बोटांनी मोठा करून पाहिला. नाक जवळजवळ सगळं गुलाबी होतं.

पण हळहळून झाल्यावर एक गोष्ट माझ्याच विरोधात गेली. कुंपणातल्या त्या तरुण सिंहाच्या मरणाने एकही पिल्लू मारलं गेलं नाही, एकही कळप उधळला नाही. खुल्या रानातला तो धीराचा, ओर्तेगाला आवडणारा शिकारी मात्र चुकीचा नर निवडेल तर आठ-दहा पिल्लं त्याच्या खाती जमा होतात. माझा आवडता भेद शिकाऱ्याचं चारित्र्य मोजतो, सिंहाचं त्यात काहीच मोजलं जात नाही. मी दोन तास मोठ्या नैतिक तोऱ्यात होतो आणि तो तोरा माणसाच्या इभ्रतीपुरताच निघाला.

आणि ओर्तेगाशी माझं खरं भांडण इथे सुरू होतं. त्याच्या रानात दोघंच आहेत, शिकारी आणि जनावर. त्याच्या रानात गाय नाही.

आफ्रिकेतल्या सिंहाची गोष्ट गायीवाचून सांगताच येत नाही. सेसिलसाठी अमेरिका रडत होती तेव्हा गुडवेल न्झू हा झिम्बाब्वेचा विद्यार्थी अमेरिकेतच डॉक्टरेट करत होता. त्याने 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं, की सिंह मेल्याचं ऐकून त्याला आधी बरंच वाटलं. त्याच्या गावात सिंहाला कोणी लाडाने नाव ठेवत नसे. मला हे समजायला आफ्रिकेत जायची गरज नव्हती. 2018 च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला वाघीण मारली, तिच्या नावावर 13 माणसं होती. शहरांत 'अवनी'साठी मेणबत्त्या लागल्या आणि त्या गावांत फटाके फुटले. 'अवनी' हे नावही गावाचं नव्हे. माझ्या ओळखीच्या पुणेकरांनी तेव्हा फटाके वाजवणाऱ्यांना रानटी म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मीही मान हलवली होती.

त्सावोचंच बघा. 1898 साली केनियातल्या रेल्वेच्या पुलावर दोन सिंहांनी मजुरांना उचलून न्यायला सुरुवात केली. मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. पॅटरसन या इंजिनिअरने ते सिंह मारले, पुस्तक लिहिलं, कातड्यांवर वर्षानुवर्षं पाय पुसले आणि शेवटी ती शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली. सिंह दोन, हे नक्की. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र 28 पासून 135 पर्यंत सांगेल तो सांगेल तेवढा.

आता हिशेब. सहारेच्या दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानांपेक्षा जास्त जमीन शिकारीसाठी राखलेली आहे. त्या पैशातला गावापर्यंत किती झिरपतो यावर तज्ज्ञांचे हात एकमेकांच्या गळ्यापर्यंत पोचलेले आहेत. फार झिरपत नसावा, सरकारी नळाचं पाणी शेवटच्या घराला पोचतं तेवढाच. पण ती जमीन राखली जाते, हे खरं. शिकारी गेला की तिथे संन्यासी येत नाही. तिथे गुरं येतात, मका येतो, तारा येतात. केनियाने 1977 साली शिकार बंद केली. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत तिथली रानटी जनावरं दोन-तृतीयांशांनी घटली. बंदीमुळे घटली असं मी म्हणत नाही. बंदी असूनही घटली. सिंहाला तिथे बंदुकीची गोळी लागली नाही. गाय मारली म्हणून चिडलेल्या गुराख्याने तिच्या उरलेल्या धडावर कार्बोफ्युरान शिंपडलं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे दाणेदार कीटकनाशक चांगलं ठाऊक आहे. गोळीने एक सिंह मरतो, या दाण्यांनी अख्खा कळप आडवा होतो; वर तरस आणि गिधाडं.

त्याच केनियात अंबोसेलीच्या मासाई मुलखात 2007 पासून 'लायन गार्डियन्स' नावाचं काम चालतं. पूर्वी सिंह मारणाऱ्या जवानाला सिंह-नाव मिळे. आता तेच जवान पहाटे माग काढतात, सिंह कुठे आहे ते गुराख्यांना सांगतात, मोडकी बोमा, म्हणजे काटेरी गोठे, दुरुस्त करतात आणि सिंहांना मासाई नावं ठेवतात. माग काढायचं कसब तेच. ओर्तेगाची अर्धी मृगया त्यात जिवंत आहे. पण या कामाला पगार लागतो, आणि तो पगार आफ्रिकेतल्या सगळ्या सिंहांपुरता द्यायला अजून कोणी पुढे आलेलं नाही.

म्हणून मी त्या फोटोवर चिडून लिहायला बसलो होतो तो वेगळ्याच जागी येऊन पोचलो आहे. कुंपणातला धंदा बंद व्हावा, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण खुल्या रानातली, वय बघून, मोजून दिलेली शिकार उद्या बंद करा असं म्हणायचा अधिकार मला नाही, जोवर त्या गायीची भरपाई माझ्या खिशातून जात नाही. पुण्यात बसून दुसऱ्याच्या गोठ्यावर सिंह पाळणं, हे यजमानांच्या फोटोपेक्षा फारसं वरचं नाही. मला हे मत आवडत नाही. ते सोडायला कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

या मताची किंमतही ठाऊक असू द्यावी. सेसिलनंतर दोन वर्षांनी, 2017 च्या जुलैत, त्याचा मुलगा झांडा त्याच ह्वांगेच्या हद्दीबाहेर मारला गेला. वय सहाच्या वर, म्हणजे नियमात बसणारं. शिकार कायदेशीर होती. त्याला पिल्लं होती. शिकारीवर नेणाऱ्या व्यावसायिकाने झांडाच्या गळ्यातला पट्टा काढून संशोधकांना परत केला.