कर्ता कोठे गेला? : स्वयंचलित दृश्ये आणि प्रयोगाचे उत्तरदायित्व

'प्रयोग' या शब्दाचे दोन अर्थ मराठीत शेजारी शेजारी नांदतात. नाटकाचा प्रयोग होतो, आणि वाक्याचाही प्रयोग असतो. पहिल्या अर्थात प्रेक्षकांसमोर, त्यांच्या साक्षीने घडणारी कृती अभिप्रेत असते. दुसऱ्या अर्थात क्रियापद कोणाशी जुळते, कर्त्याशी, कर्माशी की दोघांपैकी कोणाशीच नाही, याचा विचार असतो. हे दोन अर्थ एकत्र ठेवून पाहण्याची निकड गेल्या काही दशकांत रूढ झालेल्या एका प्रयोगरूप दृश्यकलेने निर्माण केली आहे. या कलेत उपस्थित होणारा कर्तृत्वाचा प्रश्न तांत्रिक वाटला, तरी मुळात तो नैतिक आहे.

संगीताच्या मोठ्या कार्यक्रमांत, डान्स क्लबांत वा नृत्यनाट्यांत संगीताच्या जोडीने पडद्यावर दृश्यांची रचना करणाऱ्या कलावंताला 'व्हीजे' म्हणतात. त्याचे साधन म्हणजे एक संगणकप्रणाली. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली 'रेझोल्यूम' ही त्यांपैकी एक सुपरिचित प्रणाली होय. तिच्या पटावर आडव्या ओळींत थर आणि उभ्या ओळींत स्तंभ असतात, आणि त्यांच्या प्रत्येक घरात एक चित्रफितीचा तुकडा, म्हणजे क्लिप, बसवता येते. व्हीजे एखाद्या घराला स्पर्श करतो आणि ती क्लिप पडद्यावर येते. निरनिराळ्या थरांतील क्लिप एकमेकींत मिसळून अंतिम दृश्य सिद्ध होते. 'बीट स्नॅप' ही सोय वापरल्यास स्पर्श कधीही झाला तरी क्लिप पुढच्या ठोक्याची वा आवर्तनाची वाट पाहून मगच सुरू होते. 'ऑटोपायलट' याच्याही पुढे जातो. एक क्लिप संपली की पुढची, मागची किंवा यदृच्छेने निवडलेली कोणतीही क्लिप तो स्वतःच लावतो. मोठ्या कार्यक्रमांत तर संपूर्ण दृश्यक्रम कालसंकेताला बांधून ठेवतात. गाणे सुरू झाले की दृश्ये आपोआप आपापल्या जागी येतात.

मग येथे 'प्रयोग' कोण करतो? सुचणारे पहिले उत्तर कठोर आहे. जे स्वयंचलित आहे ते जिवंत नाही, आणि ते जिवंत म्हणून दाखवणे ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, असे ते सांगते. पेगी फेलन यांनी १९९३ साली मांडलेला विचार या उत्तराला सैद्धान्तिक बळ देतो. प्रयोगाचे अस्तित्व वर्तमान क्षणापुरतेच असते. त्याची नोंद वा पुनरावृत्ती होऊ लागली की तो प्रयोग उरत नाही, असा त्यांचा आग्रह आहे. उलट फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ साली दाखवून दिले की 'जिवंत' ही कोटीच मुळी ध्वनिमुद्रणादी तंत्रांनंतर जन्माला आली. मुद्रित असे काही नव्हते तेव्हा कशालाही 'जिवंत' म्हणण्याचे कारण नव्हते. या वादात ऑस्लँडर यांची बाजू ऐतिहासिक दृष्ट्या अधिक भक्कम आहे. परंतु तिच्यामुळे नैतिक प्रश्न सुटत नाही. जिवंत आणि मुद्रित यांच्यातील सीमारेषा पुसट आहे असे ठरले, तरी त्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाचे कर्तव्य कोणते, हे ठरायचे राहतेच.

पुनरावृत्ती हा दोष आहे का, हे आधी तपासले पाहिजे. आपल्या संगीतपरंपरेत तबल्याच्या एकलवादनाला किंवा कथक नृत्याला लहेऱ्याची साथ असते. हार्मोनियमवर वा सारंगीवर एकाच आवर्तनाचे सूर अखंड फिरत राहतात. लहेरा धरणाऱ्याने त्यात स्वतःची कल्पकता दाखवणे अपेक्षित नसते. त्याची एकसुरी निष्ठा हाच त्याचा गुण. ते आवर्तन अढळ असते म्हणूनच तबलावादक लयीशी खेळू शकतो आणि दूर जाऊन समेवर परतू शकतो. आज लहेऱ्याची यंत्रेही सर्रास वापरली जातात, आणि रियाजासाठी त्यांचा उपयोग कोणी अनैतिक मानत नाही. तेव्हा यांत्रिक पुनरावृत्तीने प्रयोगाचे जिवंतपण नष्ट होते असे सरसकट म्हणता येत नाही. मैफलीतला लहेरेकार आणि यंत्र यांच्यातील फरक मात्र एका ठिकाणी उघड होतो. वादकाने लय वाढवली, त्याचा हात अडखळला किंवा त्याने नजरेने खूण केली, की लहेरेकार ते ओळखतो. त्याचे सूर तेच राहतात, पण त्याचे लक्ष मोकळे असते. साथ म्हणजे सुरांइतकेच हे लक्षही होय.

दृश्यकलेच्या इतिहासात याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात आल्फ्रेड राडोक आणि योसेफ स्वोबोदा यांनी 'लातेर्ना मागिका' हा प्रयोग सादर केला. त्यात रंगमंचावरील नट-नर्तक आणि पडद्यावरील चित्रपट यांचा संवाद साधला होता. परंतु चित्रपट आधीच चित्रित झालेला, म्हणून तो थांबणार नाही. जुळवून घ्यायचे ते माणसाने. येथे साथीचे नाते उलटे झाले आणि जिवंत माणूस मुद्रित प्रतिमेचा साथीदार बनला. स्वोबोदा यांनी १९६५ साली बोस्टनमध्ये लुइजी नोनो यांच्या 'इंतोलेरान्झा' या ऑपेराचे नेपथ्य केले तेव्हा दूरचित्रवाणीचे कॅमेरे वापरून त्या क्षणीच टिपलेली दृश्येही पडद्यावर आणली. प्रतिमेलाही वर्तमानात आणण्याचा तो प्रयत्न होता. कालसंकेताला बांधलेला आजचा दृश्यक्रम या दोहोंपैकी पहिल्या प्रयोगाचा वारस आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यदृच्छेचे समर्थन करणारे बहुधा जॉन केज यांचा दाखला देतात. 'म्युझिक ऑफ चेंजेस' या १९५१ सालच्या रचनेत केज यांनी 'आय चिंग' या चिनी ग्रंथाच्या आधारे, नाणी उडवून स्वरनिवड केली. परंतु ज्या तक्त्यांतून ती निवड व्हायची ते तक्ते त्यांनी स्वतः रचले होते, आणि यदृच्छेने जे दिले ते स्वरलेखनात उतरवून त्याखाली आपले नाव घातले होते. आवडीनिवडीचा त्याग हा त्यांच्यासाठी शिस्तीचा भाग होता. त्या त्यागामुळे रचनेचे दायित्व सुटले, असे झाले नाही.

शिवाय स्वर आणि प्रतिमा यांच्यात एक मूलभूत भेद आहे. स्वर कोणाचा चेहरा नसतो. क्लिपमध्ये मात्र अनेकदा कोणीतरी माणूस असतो. पुरात घर सोडून निघालेली बाई, गोळीबारानंतर पळणारा जमाव, रुग्णालयाच्या दारात बसलेला म्हातारा. असे तुकडे दृश्यसंग्रहांत सहज मिळतात, आणि त्यांतली गती व छायाप्रकाश नेत्रवेधक असतात. एखाद्या नाचाच्या गाण्यावर ऑटोपायलटने असा तुकडा निवडला, त्यावर दुसऱ्या थरातील रंगीत वर्तुळे पसरली आणि ठोक्यागणिक ती बाई दोन पावले पुढे, दोन पावले मागे जाऊ लागली, तर तो अर्थ कोणाचा? दोन प्रतिमा शेजारी आल्या की पाहणारा त्यांच्यात संबंध जोडतो, हे कुलेशोव यांच्या संकलनप्रयोगांपासून चित्रपटविचाराला ठाऊक आहे. यंत्राला काही म्हणायचे नव्हते हे खरे. प्रेक्षकांपर्यंत मात्र काहीतरी म्हटले गेलेच. दुःखाची थट्टा करण्याचा हेतू कोणाचा नसतानाही थट्टा झाली.

येथे व्याकरणातला 'प्रयोग' साहाय्याला येतो. 'उजाडले', 'सांजावले' या क्रियापदांना व्याकरणकार भावकर्तृक म्हणतात. क्रिया घडते, पण तिच्यामागे कर्ता शोधण्यात अर्थ नसतो. स्वयंचलनाचे भाबडे समर्थन पडद्यावरील घटनेला याच वर्गात बसवते. दृश्य 'आले', जसे उजाडले तसे. परंतु 'आईने मुलीला उचलले' हे वाक्य पाहा. कर्ता स्त्रीलिंगी, कर्मही स्त्रीलिंगी, आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. ते दोघींपैकी कोणाशीच जुळत नाही. हा भावे प्रयोग. येथे क्रियापदावर आईची कोणतीही खूण नाही, म्हणून मुलीला कोणी उचललेच नाही असे आपण म्हणत नाही. वाक्यात आई आहेच. स्वयंचलित दृश्यप्रयोग हा असा भावे प्रयोग आहे. कर्त्याचा हात कृतीत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. संग्रहात ती क्लिप कोणी ठेवली, तिला यदृच्छेच्या स्वाधीन कोणी केले आणि ती पडद्यावर असताना कोण पाहत होते, या प्रश्नांना उत्तरे असतात, आणि ती उत्तरे माणसांची नावे घेऊनच द्यावी लागतात.

या भूमिकेवर एक सबळ आक्षेप संभवतो. एकटा व्हीजे तासन्‌तास अनेक पडदे सांभाळतो. प्रत्येक क्लिप हातानेच लावण्याचा आग्रह धरला तर त्याची नजर संगणकाच्या पटावरून हलणारच नाही. ऑटोपायलट त्याचे हात मोकळे करतो, म्हणून त्याला सभागृहाकडे पाहता येते. हा आक्षेप मान्य करायलाच हवा, कारण तो प्रस्तुत युक्तिवादाला पूरकच आहे. हात मोकळे झाल्याने लक्ष वाढत असेल तर यंत्र लहेऱ्याचे काम करते आहे. हात मोकळे झाले म्हणून माणूस उठून गेला, तर साथ संपली आणि केवळ आवर्तन उरले. बाहेरून दोन्ही प्रसंगी पडदा सारखाच दिसेल. त्यांच्यातील भेद रूपबंधाच्या विश्लेषणाने हाती लागत नाही, आणि म्हणूनच केवळ संहितालक्ष्यी समीक्षा या कलेपुढे अपुरी पडते.

यातून समीक्षेसाठी एक निकष सुचतो. प्रयोगाचे जिवंतपण किती कृती हाताने झाल्या यावर मोजू नये. जे चालू आहे ते थांबवण्याचे सामर्थ्य आणि थांबवले पाहिजे हे ओळखण्याइतके लक्ष त्या क्षणी कोणापाशी होते, हे पाहावे. गाणाऱ्याचा कंठ दाटून आला, सभागृहात कोणी कोसळले, भलतीच प्रतिमा भलत्या शब्दावर आली, अशा वेळी पडदा काळा करणारा हात तेथे असेल, तर बाकीचे सारे यंत्राने केलेले असले तरी तो प्रयोग जिवंत आहे. ज्या प्रयोगात असा हात नाही, त्यातली प्रत्येक क्लिप ठोक्यावर अचूक पडली तरी प्रेक्षकांबरोबर त्या सभागृहात दुसरे कोणीच नसते. यंत्राला सम साधता येते. ती सोडून देण्याची वेळ कोणती, हे ठरवण्याचे काम अजून कर्त्याकडेच आहे.