दुबळी वसाहत



हिवाळ्यात मधमाश्या झोपून जातात, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. युरोपातल्या थंड मुलखात पारा साधारण १४ अंशांखाली उतरला की पेटीतल्या माश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि साठवलेल्या मधावर वसंतापर्यंत तग धरतात. इंग्लंडमध्ये एका वसाहतीला त्यासाठी १८ ते २० किलो मध लागतो. (आपल्या सह्याद्रीतल्या मधपाळांची कसोटी हिवाळ्यात नव्हे, पावसाळ्यात लागते.)

अडचण होते ती लहान वसाहतीची. गोळा जितका लहान, तितकी त्याची ऊब लवकर निघून जाते. मध शिल्लक असतो, पण शेजारच्या पोळ्यापर्यंत जाण्याचे बळ उरत नाही. मधपाळ सप्टेंबरातच तिला दोन भाग साखर, एक भाग पाणी असा घट्ट पाक देतो, दार अरुंद करतो, छताखाली ओल साचू देत नाही; गारठ्याइतकीच ओलही घातक. एवढे करूनही माश्या मूठभरच असतील, तर जुना उपाय म्हणजे ती बलवान वसाहतीत मिसळणे. दोन पेट्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवतात. माश्या तो कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो आणि भांडण टळते. मात्र त्याआधी दुबळ्या वसाहतीची राणी मारतात.

हे योग्य आहे का?

राणीला हात न लावणारा मधपाळ दयाळू वाटतो. मला तो तसा वाटत नाही. फेब्रुवारीत सारी वसाहत गारठून मरते तेव्हा तो ते पाहायला तिथे नसतो, एवढेच. म्हणून ऑक्टोबरात, वसाहत रोगी नसेल तर, मिसळणेच योग्य. पण मिसळणाऱ्यानेही ‘वाचवले’ हा शब्द जपून वापरावा. हिवाळ्यातली माशी पाच-सहा महिने जगते. पुढच्या उन्हाळ्यात त्या पेटीतली प्रत्येक माशी दुसऱ्याच राणीची लेक असते. माश्या जगल्या, घराणे संपले. पटसंख्या घटली म्हणून लहान शाळा मोठ्या शाळेत विलीन होते, तेव्हाही मुले शिकतातच. तरी गावाला चुटपुट लागते ना? शिवाय ऑगस्टात मधाची शेवटची चौकटही ज्याने काढून घेतली, त्याने वसाहतीला दुबळी कोणत्या तोंडाने म्हणावे?

डेव्हनमधील बकफास्ट मठातले बेनेडिक्टाइन ब्रदर ॲडम (१८९८-१९९६) यांनी दुबळेपणा जवळून पाहिला होता. १९१६ मध्ये मठाच्या ४६ पैकी ३० वसाहती रोगाने गेल्या. पुढे वाण निवडताना ते फार कठोर असत; भावनेच्या भरात राणी राखणाऱ्यांपैकी ते नव्हते. तरी डार्टमूरच्या गार माळावर तरुण राण्यांच्या इवल्या वसाहती ते हिवाळाभर सांभाळत. एकाच पेटीत आड फळ्या घालून चार वसाहती. अशा पेटीत माश्या मधल्या फळीला बिलगून बसतात आणि पलीकडच्या शेजारणींची ऊब त्यांना मिळते. राणी मात्र प्रत्येकीची आपली. ही व्यवस्था उन्हाळ्यात, हाताशी माश्या भरपूर असतानाच करावी लागते. ऑक्टोबरात ती सुचून उपयोग नसतो. मार्च उजाडला की माळावरच्या त्या राण्या मोठ्या पेट्यांत नेल्या जात.