नेपथ्य आणि प्रेक्षकाचे ऋण

'नेपथ्य' या संज्ञेचा अर्थ मराठीत जवळजवळ उलटला आहे. संस्कृत नाटकात ते पडद्याआडचे, नटांच्या वेषभूषेचे स्थान. आजच्या मराठी रंगभूमीवर मात्र प्रेक्षकासमोर उभारलेल्या दृश्यरचनेलाच आपण नेपथ्य म्हणतो. चित्रपटाच्या निर्मितीवरील माहितीपट पाहताना हा अर्थपालट मला वारंवार आठवतो. पडद्यामागचे म्हणून जे दाखविले जाते, ते दाखविताक्षणीच पडद्यावरचे होते.

दादासाहेब फाळके यांनी 1917 मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट केला, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'ला अवघी चार वर्षे झाली होती. त्यात फाळके नटांना सूचना देताना, फिल्म निरखताना दिसतात. फाळके जादूचे प्रयोगही करीत. अशा माणसाने आपल्या खेळाचे गुपित आपणहून उघड करावे, यात एक प्रकारचा उमदेपणा आहे. तरीही येथे फाळके हे काम करणाऱ्या फाळक्यांची भूमिकाच वठवीत आहेत. सरस्वतीबाई रात्री फिल्मला छिद्रे पाडीत, साऱ्या मंडळींचे जेवण रांधीत, हे आपल्याला चरित्रांतून ठाऊक आहे. 'दिग्दर्शक' या प्रतिमेत ते श्रम मावत नाहीत.

मग असे माहितीपट पाहून आपल्याला श्रमांचे ज्ञान होते, की श्रमांचाही आस्वाद घेता येतो?

या प्रश्नाची धार मला चित्रपटाबाहेर, जुन्नर तालुक्यातील नारायणगावी जाणवली. हे तमाशाफडांचे गाव. येथील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) यांची हकिकत सर्वश्रुत आहे: खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. कलानिष्ठेचा दाखला म्हणून मी ती वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. एकदा मंचरकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर होत्याच का?" मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

त्या वळण्यातच माझ्या आस्वादाची लबाडी होती. निर्मितीपट नेमके हेच करतात: साहसदृश्यातील नटाचे पडणे, प्रकाशयोजनेतील कामगारांचे रात्रभर जागणे यांखाली संगीत घालतात आणि थकव्याचे शौर्य करतात. कौतुक केले की ऋण फिटले, असे प्रेक्षकाला वाटते. मजुरीचा प्रश्न त्या चौकटीत उपरा ठरतो.

पडदा पुन्हा ओढून घ्यावा, असे मात्र मला म्हणायचे नाही. अभिनवगुप्ताच्या विवेचनात नटाचे नटपण झाकले जाणे हे रसप्रतीतीला साहाय्यक आहे. सौंदर्यदृष्ट्या ते पटते. परंतु ज्याचे नटपण झाकले जाते, त्याची भूकही त्याबरोबर झाकली जाते, आणि तिच्याविषयी रसचर्चा काही बोलत नाही.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. माणसे किती, खेळ किती वेळ, रक्कम किती, यावर घासाघीस चालते. तेथे कुणी कुणाच्या निष्ठेविषयी बोलत नाही. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला तेथे विचारता आला असता.