उद्याचे नंबर

शनिवारी संध्याकाळी पेटीवाल्या काकांचा फोन येतो, "उद्याचे नंबर सांगा." नंबर म्हणजे 'उपासना संगीत' या आमच्या ख्रिस्ती गीतपुस्तकातल्या गीतांचे. निगडीतल्या आमच्या मंडळीत ही निवड बरीच वर्षं माझ्याकडे आहे. सुरुवातीला मी चाल बघून गीतं निवडत असे. पहिलं उठावाचं, दानार्पणाच्या वेळी संथ, शेवटचं सगळ्यांना पाठ असलेलं. शास्त्रपाठ कोणता, हे मला रविवारी तिथेच कळे. गाणं माझं, वाचन पाळकसाहेबांचं, अशी वाटणीच झाली होती.

एका रविवारी ८८वं स्तोत्र वाचलं गेलं. स्तोत्रसंहितेतली बहुतेक विलापगीतं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. वाचन थांबलं आणि मी निवडलेलं टाळ्यांचं गीत सुरू झालं. पुढच्या बाकावर नुकताच मुलगा गेलेल्या एक बाई होत्या. त्या गायल्या नाहीत. त्या दिवसापासून मला प्रश्न पडला, की वाचनानंतर आपण गातो ते नेमकं कशासाठी?

मराठीत या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर गोव्यात मिळालं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. पुराणं ऐकत वाढलेल्या लोकांना नव्या धर्मात आल्यावर ऐकायला काही उरलं नव्हतं, ही त्यामागची तळमळ. तिथे वाचन आणि गायन वेगळं नव्हतंच. शास्त्र ओवीतूनच कानावर पडे.

पुढे ही जोडी तुटली. विल्यम केरींनी सेरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार काढला, तो गद्यात. अमेरिकन मिशनरी १८१३ला मुंबईत आणि १८३१ला नगरला आले. त्यांनी आणलेली गीतं बरीचशी इंग्रजीवरून उतरवलेली होती. चालही तिकडचीच, त्यामुळे मराठी शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ सुरासाठी मोडावा लागे. वाचन मायबोलीत आणि गाणं परक्याच्या तालावर, मग एकाचं दुसऱ्याशी जमावं कसं? कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी वळणाची गीतं रचून वाट काढली. तिचा राजमार्ग केला नारायण वामन टिळकांनी.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते सांगत. निगडीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. देहू इथून हाकेच्या अंतरावर. आषाढीला तुकोबांची पालखी निगडीवरूनच आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून ऐकताना मला एक गोष्ट उमगली. पुराणकथा देवाबद्दल सांगते, 'तो' म्हणते. अभंग देवाशीच बोलतो, 'तू' म्हणतो. रागावतो, रुसतो, विनवतो. टिळकांनी हा 'तू' आमच्या उपासनेत आणला. 'उपासना संगीत'मध्ये त्यांची दोनशेहून अधिक गीतं आहेत आणि मला त्यांतली उत्तम गीतं शास्त्रपाठाला दिलेल्या उत्तरासारखी वाटतात. वाचनात देव बोलतो, गीतात मंडळी उत्तर देते.

कॅथलिक शेजाऱ्यांच्या मिस्सेत हे क्रमातच बांधलेलं आहे. पहिलं वाचन झालं की स्तोत्र, त्याचं ध्रुपद सगळे म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडल्यावर हे उत्तर लोकांच्या तोंडी त्यांच्याच भाषेत आलं.

पण उत्तर चुकूही शकतं. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात उपासनेत जवळजवळ फक्त स्तोत्रंच गायली जात. माणसाचे शब्द देवाच्या वचनावर कुरघोडी करतील, ही त्यामागची धास्ती. पूर्वी मला तो हट्ट वाटे, आता वाटत नाही. माझी आजी नगर जिल्ह्यातली, अक्षरओळख नसलेली. उधळ्या पुत्राची गोष्ट विचारली की ती भजनच म्हणून दाखवी. तिचं पवित्र शास्त्र गाण्यातच होतं. त्या गाण्यात काही खोटं असतं तर तेही तिने जन्मभर जपलं असतं. म्हणून पडद्यावर झळकणाऱ्या काही नव्या गीतांना मी नकार देतो. गिटारला माझी हरकत नाही. पण कडव्यामागून कडवं 'मला', 'माझं', 'मी' चाललेलं असतं आणि कोणत्या वचनाला ते उत्तर आहे, हे सापडत नाही, तेव्हा मन मानत नाही.

आता काकांचा फोन येण्याआधी मी पाळकसाहेबांना फोन करतो आणि पाठ विचारतो. मग ते दोन-तीनदा मोठ्याने वाचतो. नंबर त्यानंतर. कधी वाचनाचा शेवटचा शब्द गीताच्या पहिल्या ओळीला जाऊन भिडतो, कधी तास घालवूनही काही जुळत नाही.

मध्यंतरी ८८वं स्तोत्र पुन्हा आलं. वाचनानंतर थोडा वेळ शांत बसायचं आणि मग टिळकांचं एक संथ गीत, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "जड जाईल लोकांना." जड गेलंच. निम्मी मंडळी पुस्तकात नंबर शोधत राहिली, चाल कोणाला नीट येईना. दुसऱ्या कडव्याला पुढच्या बाकावरून त्या बाईंचा आवाज आला.