पहिला ओरखडा यंत्राचा

‘यंत्राने केले’ हे वाक्य आपल्या भाषेत येऊन फार दिवस झाले नसावेत. पण एवढ्यात त्याने किती माणसे दोषमुक्त केली! पिठात कचकच लागली, यंत्राने केले. साडीचा जरीकाठ उसवला, यंत्राने केले. पूर्वी माणूस दैवावर भार टाकून मोकळा होत असे. दैवाला निदान नवस तरी बोलता येई. यंत्राला तेही ऐकू येत नाही.

हा विचार माझ्या मनात घोळू लागला तो एका चेंडूपायी. अमेरिकेतला माझा भाचा बोलिंग खेळतो. साठ फूट लांबीच्या गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि टोकाशी उभ्या केलेल्या दहा खुंट्या पाडायच्या, असा हा खेळ. पुण्यामुंबईच्या मॉलांतूनही तो आता आला आहे. हौशी खेळाडू चेंडू स्वतःचा बाळगतो. त्याचे वजन सोळा पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वासात किलोपर्यंत असते, आणि बोटांची भोके त्याच्याच हाताच्या मापाने पाडलेली असतात. पण प्रत्येक फेकीनंतर हा जिवाभावाचा चेंडू धन्याच्या डोळ्यांआड जातो. मागच्या खड्ड्यात पडतो, तिथून यंत्र त्याला उचलते आणि पट्टीखालच्या वाटेने परत पाठवते. त्या अंधाऱ्या प्रवासात कुठे एखादा बोल्ट सैल झाला असेल, पत्र्याची धार वर आली असेल, तर चेंडू ओरखडा घेऊनच परततो. भाच्याच्या चेंडूचे तेच झाले. व्यवस्थापकाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. भाच्याने पदरमोड करून खाच भरून घेतली. आणि अशा वेळी भांडावे की सोडून द्यावे, असे मला पत्रातून विचारले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खेळात खुंट्या उभ्या करायला आणि चेंडू परत लोटायला मुले ठेवलेली असत. 1950 नंतर यंत्रे आली आणि मुले गेली. मुलगा होता तेव्हा काही बिघडले की त्याचा कान धरत. त्यात अन्यायही होत असेल. पण चूक कुणाची तरी आहे, एवढे सर्वांना मान्य होते. कान धरायला कुणी उरला नाही, तेव्हा चूकच उरली नाही असे लोक समजू लागले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे कोडे परके वाटू नये. आमच्या खामगावला कापसासाठी 1870 साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, आणि जिनांची घरघर आम्हांला तेव्हापासूनची ओळखीची. जिनाचे मर्म थोडक्यात एवढेच, की फिरता रूळ रुई ओढतो आणि पाते सरकीला अडवून धरते. रूळ आणि पाते नीट जुळले असतील तर रुई अखंड सुटते. बिघडले तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत मिसळतात, तंतू तुटतो. पण पाते आपण होऊन बसत नाही. ते बसवणारा एक मिस्त्री असतो, आणि ‘आजच्या दिवस असेच चालू दे’ म्हणणारा एक मालक असतो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यंत्र पाहिले नव्हते, पण धोब्याचा दगड पाहिला होता. कौटिल्य सांगतो, धोब्याने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच कपडे धुवावेत. दुसरीकडे धुऊन वस्त्र बिघडले तर त्याची भरपाई द्यावी, वर सहा पण दंड. मनुस्मृतीला सावरीची गुळगुळीत फळी हवी, आणि धुणेही सावकाश हवे. दगड अपराधी की निरपराध, या वादात हे लोक शिरले नाहीत. दगड कोणी निवडला, एवढेच त्यांनी विचारले.

मात्र त्यांनी ग्राहकालाही सैल सोडले नाही. नारदस्मृतीत प्रत्येक धुण्यागणिक वस्त्राची किंमत किती उतरली असे धरावे, याचा हिशेब आहे. जुन्या लुगड्याच्या बदली नवे मागता येत नाही. खामगावच्या चांदीच्या पेढीवर हेच शहाणपण दिसते. मोड घेताना ती गिऱ्हाइकासमोर तोलायची, आटणीत घट किती धरायची ते आधी बोलायचे. घट ही वस्तूच्या नशिबी असतेच. तिच्यापलीकडचे जे, ते नुकसान.

कायदाही अवाजवी मागत नाही. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असे 1872 चा भारतीय करार कायदा म्हणतो. हरवलेल्या साडीपायी एका लाँड्रीवर झालेला खटला मद्रास उच्च न्यायालयापुढे गेला होता. त्याचा निकाल 1966 च्या निकालसंग्रहात आहे. वस्तू हरवल्यास निम्मीच किंमत मिळेल, असे पावतीमागे छापलेले होते. ते कलम लोकहिताविरुद्ध ठरवून न्यायालयाने मानले नाही. छापलेल्या ओळीने कर्तव्य पुसता येत असते, तर सगळ्यांनी पाट्याच रंगवल्या असत्या.

तरीही ‘खेळाचे चार पैसे घ्यायचे आणि भरपाई चेंडूची द्यायची, हा कुठला न्याय?’ या तक्रारीत तथ्य आहे. सैल झालेला बोल्ट कुणालाच दिसला नव्हता, असे होऊ शकते. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे : पहिला ओरखडा यंत्राचा, दुसरा माणसाचा. खाच दाखवल्यावरही जो यंत्र थांबवून आत डोकावत नाही, त्याच्या हातून पुढचे सगळे चेंडू जाणूनबुजून खरवडले जातात. तिथे भरपाई मागावी, घट वजा करून मागावी, आणि मिळेपर्यंत मागावी.

पण या नियमाचे अर्धे ओझे आपल्यावर येते. पहिला ओरखडा सोसून जो निमूटपणे घरी जातो, तो आपल्याला सोशिक वाटतो. मला तसे वाटत नाही. त्याच्या मौनामुळे मालक अजाणच राहतो, आणि अजाण आहे तोवर निर्दोषही राहतो. मागून येणाऱ्याची वस्तू मात्र त्याच धारेवर जाते. भांडण आपल्या चेंडूसाठी असेल तर ते सोडून देण्याचा आपल्याला पुरता अधिकार आहे. ‘आत धार आली आहे, बघा’ एवढे सांगणे सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. कारण त्या वाटेने पुढे जाणारा चेंडू आपला नसतो.