हनुमंताची वाणी आणि रूपांतराची मर्यादा

बालपणी ज्या रूपात देव मनात ठसतो, त्याहून वेगळ्या रूपात तो पुढे समोर आला तर त्याला तोच देव म्हणावे का, हा प्रश्न रामायणावरील दोन चित्रपटांमुळे नव्याने उभा राहिला आहे. युगो साको यांच्या पुढाकाराने आणि राम मोहन यांच्या सहभागाने १९९२ साली तयार झालेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा हाताने रेखाटलेला जपानी-भारतीय अ‍ॅनिमेशनपट दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचला आणि एका पिढीने राम, सीता व हनुमंत त्याच रेषांत पाहिले. तो पाहून प्रेरित झालेले मराठी दिग्दर्शक ओम राऊत यांचा ‘आदिपुरुष’ हा भव्य अ‍ॅक्शनपट १६ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा पात्रांच्या वेशभूषेवर टीका झालीच, परंतु हनुमंताच्या तोंडी घातलेल्या सवंग संवादांवर प्रेक्षक इतके संतापले की निर्मात्यांना काही दिवसांतच ते बदलावे लागले.

हा संताप केवळ बालपणीच्या आठवणींचा हळवेपणा होता, असे म्हणून भागत नाही. पूर्वी पाहिलेली व्यक्ती पुन्हा दिसताच ‘तोच हा’ असे जे ज्ञान होते, त्याला भारतीय दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. आणि ‘तोच हा देवदत्त’ या वाक्याचा अर्थ लावताना वेदान्ती स्थळ, काळ, वय हे विरोधी अंश सोडून देतात व व्यक्ती हा समान अंश राखतात, या रीतीला जहदजहल्लक्षणा, म्हणजे काही सोडणारी व काही राखणारी लक्षणा, असे नाव आहे. हीच कसोटी येथे लावली, तर हनुमंताच्या बाबतीत काय सोडता येते आणि काय राखावेच लागते, हे ठरवावे लागेल.

त्याचे उत्तर वाल्मीकींच्या किष्किंधाकांडात सापडते. राम-लक्ष्मणांपुढे हनुमंत प्रथम येतो तो भिक्षूच्या वेषात, म्हणजे मूळ रूप झाकूनच; तरीही त्याचे बोलणे ऐकून राम लक्ष्मणाला सांगतो की, वेदांचे अध्ययन केल्यावाचून असे बोलता येणार नाही आणि इतक्या बोलण्यात एकही अपशब्द, म्हणजे अशुद्ध शब्द, आला नाही. रूप खोटे असतानाही ज्या वाणीवरून त्याची योग्यता कळली, ती वाणी म्हणजे त्याचे शीलच होय.

लोकपरंपराही हाच विवेक पाळते. संगमनेरात १९२९ साली ब्रिटिश प्रशासनाने हनुमान जयंतीची मिरवणूक अडवली, तेव्हा स्त्रियांनी पुढे होऊन रथ ओढला आणि रथ ओढण्याचा मान तेव्हापासून स्त्रियांकडे आला. ब्रह्मचारी देवाच्या रथाचे दोर स्त्रियांच्या हाती जाणे हा बाह्याचारातला मोठा बदल होता. परंतु त्यात निर्भयता आणि भक्ती हे हनुमंताचेच गुण प्रकटल्यामुळे गावाने तो मानाने जपला.

म्हणून वेशभूषा वा चित्रणशैली वेगळी आहे एवढ्यावरून ‘आदिपुरुष’ला दोष देणे धर्मदृष्ट्या दुबळे ठरते, तर हनुमंताच्या भाषेवरचा आक्षेप पूर्णपणे योग्य ठरतो. यापुढे जो कोणी रामकथा पडद्यावर आणील, त्याने तंत्राची हवी तेवढी मुभा घ्यावी. मात्र हनुमंताचे संवाद लिहिण्यापूर्वी किष्किंधाकांडातील ती पहिली भेट अवश्य वाचावी.